ओटीवरील गोष्टी : मृगयेचा बेत

आमच्या ओटीच्या भिंतीला एक सागवानी खुंटी आहे. इतर खुंट्यांहून ती हातभर उंच व दुप्पट जाड असून हल्लीं तिच्यावर घरांतील मोठी छत्री टांगलेली असते. छत्रीला एवढी उंच खुंटी कशाला, हा प्रश्न घरांतल्या प्रत्येक पिढीच्या मुलांनीं केव्हां ना केव्हां विचारलेला आहे, आणि "पूर्वीं तेथें बंदूक असे" एवढ्या उत्तरावर प्रत्येक पिढीची बोळवण झालेली आहे. गेल्या दिवाळींत मात्र ती बोळवण होईना.

आमचा पुतण्या बारा वर्षांनंतर सणाला घरीं आला होता. वय अडतीस, हुद्दा मोठा, पण घरांत त्याचें नांव अद्याप बाळच. तो अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतीं असतो. पाडव्याच्या दिवशीं ओवाळणी आटोपल्यावर तो ओटीवर आला, खुंटीकडे पाहूं लागला आणि म्हणाला, "काका, ती बंदूक आहे कोठें? आपल्या मनोरभोवतीं एवढे डोंगर, एवढें सरकारी रान! मला चार दिवस मोकळे आहेत. डुकराच्या शिकारीचा बेत करूं या."

असें म्हणून त्यानें पिशवींतून एक वही काढली. वही पाहून आम्हांस खरोखर कौतुक वाटलें. शाळेंत पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतका नीटस बेत क्वचितच पाहिला असेल. कोणत्या वाटेनें चढावयाचें, पाणी कोठें मिळेल, वारा कोणीकडून वाहील व आपला वास जनावराकडे जाऊं नये म्हणून कोणत्या अंगानें जावें, अंधार पडण्यापूर्वीं कोठें परतावें, कोणास वर्दी देऊन निघावें, सर्व कांहीं क्रमवार! त्या प्रांतांत डोंगराळ मुलखाचा मोठा भाग सरकारच्या, म्हणजे तेथील प्रजेच्या मालकीचा असून, परवाना घेतलेल्या माणसास ठरलेल्या ऋतूंत तेथें शिकार करितां येते. एल्क नांवाचें आपल्या सांबराहूनहि थोराड असें हरिण तिकडे असतें. त्याच्या शिकारीचे परवाने अनेक भागांत सोडत काढून देतात. 1949 च्या आरंभीं वा नंतर जन्मलेल्या प्रत्येकास सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याविना परवानाच मिळत नाहीं. बंदुकीच्या हंगामांत अंगावर निदान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र व डोक्यावर त्याच रंगाचें कांहीं असलें पाहिजे. हेतु हा कीं, एका शिकाऱ्यास दुसरा शिकारी माणूस म्हणून दिसावा. शिवाय 1937 च्या एका कायद्यान्वयें बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळविलेला आहे. हें सर्व ऐकून आम्हीं मनांत म्हटलें, कीं ज्या देशांत शिकारीसहि इतकी शिस्त आहे, त्या देशाची रीत त्या देशास लखलाभ असो. तिला नांवें ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

परंतु येथील गोष्ट निराळी. आम्हीं बाळास सांगितलें, "अरे, तुझ्या वहींत सर्व आहे, पण आरंभींच 'परवाना' असें लिहून तूं पुढें टिंबें दिलीं आहेस. तीं टिंबें आपल्या देशांत भरून निघावयाचीं नाहींत." आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यांत प्रथम शिकारीच्या परवान्यांची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीनें ती काढून टाकण्यांत आली. आतां हौसेची शिकार म्हणून कांहीं उरलेलें नाहीं. कित्येकांची समजूत अशी, कीं गोळी घातली तरच शिकार. कायदा तसें म्हणत नाहीं. फांसा लावणें, सांपळा मांडणें, विष घालणें, मारण्याकरितां हाका घालून जनावर उठविणें, किंबहुना यांचा नुसता प्रयत्न करणें हीहि शिकारच होय. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड आहे. तानसा वा तुंगारेश्वर यांसारख्या अभयारण्यांत हाच प्रकार घडला तर शिक्षा याहून कडक. रानडुक्कर हें मुबलक व उपद्रवी दिसत असलें तरी तेंहि या कायद्याच्या छत्राखालीं आहे.

"मग शेतकऱ्यानें काय करावें?" बाळानें विचारलें. प्रश्न रास्त होता. भाताचें उभें शेत डुकरांचा कळप एका रात्रींत कसा नांगरून काढतो हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ज्याच्या घरीं वर्षाचा दाणा त्याच खाचरांतून यावयाचा, त्यास प्राणिदयेवर व्याख्यान देणें सोपें नाहीं. अशा शेतकऱ्यानें नुकसानभरपाईसाठीं वनखात्याकडे अर्ज करावा. जनावर उभ्या पिकास फारच घातक झालें असेल, तर अधिकार असलेला अधिकारी कारणें नमूद करून त्याच्या बंदोबस्ताची लेखी आज्ञा देऊं शकतो. मार्ग लांबचा आहे, कागदांचा आहे, हें आम्ही जाणतों. पण तो मार्ग शेतकऱ्याच्या नडीसाठीं आहे, चार दिवसांच्या पाहुण्याच्या हौसेसाठीं नाहीं.

आमचा संस्कृताचा व्यासंग घरांत सर्वांस ठाऊक असल्यामुळें बाळानें मग दुसरा बाण सोडला. "काका, आपल्या पुराणांतले राजे तर सर्रास मृगया करीत!" करीत होते खरे. पण त्या कथांचा शेवट पाहावा. मनूनें कामापासून उपजणारीं दहा व्यसनें सांगितलीं, त्यांत मृगयेचें नांव पहिलें घातलें आहे. कौटिल्य मात्र व्यवहारी. मृगया व द्यूत यांत अधिक वाईट कोणतें, या वादांत तो मृगयेची बाजू थोडी सांवरून धरितो. तीपासून व्यायाम होतो, मेद झडतो, चल व अचल लक्ष्यावर नेम बसतो, आणि क्रोधांत वा भयांत प्राण्यांचें चित्त कसें असतें तें कळतें, असें त्याचें म्हणणें. पण तोच कौटिल्य अभय दिलेल्या वनांतील पशुपक्ष्यांची हत्या करणारास दंड सांगतो, हें विसरतां कामा नये. शाकुंतलाचा आरंभच मृगाचा पाठलाग करणाऱ्या राजास तपस्व्यांनीं थांबविण्यानें होतो, आणि राजा धनुष्यावर चढविलेला बाण उतरवितो. पुढील सारें नाटक त्या उतरविलेल्या बाणाच्या पुण्याईवर उभें आहे असें आम्हांस वाटतें. उलट दशरथाचें उदाहरण घ्या. शरयूच्या कांठीं अंधारांत घट भरल्याचा ध्वनि झाला, हत्ती पाणी पितो आहे असें समजून त्यानें शब्दवेधी बाण सोडला आणि आंधळ्या मातापितरांचा आधार गेला. यदुकुलाच्या अखेरीस जरा नांवाच्या व्याधानेंहि झाडाखालीं विसावलेल्या श्रीकृष्णास मृगच मानिलें होतें. त्यांचा नेम चुकला नव्हता; चुकली ती ओळख.

हें पुराणांतलें म्हणून कोणी सोडून देऊं नये. 2025 सालच्या जानेवारीच्या अखेरीस आमच्या मनोरजवळच्याच बोरशेतीच्या रानांत गांवचीं कांहीं माणसें डुकराच्या शिकारीस गेलीं होतीं. रानांत तीं पांगलीं. एकाला हालचाल जाणवली, तें डुक्करच असें त्यानें मानलें व गोळी झाडली. पडला तो त्यांचाच सोबती. पुढें भयानें बुद्धि गेली, प्रेत झुडपांत लपविण्यांत आलें, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत प्रकरण उघडकीस येऊन पोलिसांनीं धरपकड केली. वृत्तपत्रें दोन दिवस त्या वार्तेनें भरलीं होतीं. तिसऱ्या दिवशीं दुसरी वार्ता आली. पण त्या घरांत जो माणूस सकाळीं गेला तो परत आला नाहीं, आणि ज्याच्या हातून तें घडलें त्याच्या घरांतूनहि एक माणूस त्याच दिवशीं उठून गेल्यासारखाच झाला. ओटीवर बसून आम्ही कोणास दोष देत नाहीं. दोष न देण्याचें कारणहि आज सांगावयाचें आहे. तें आम्हीं आजवर घरांतहि सांगितलें नव्हतें.

खुंटीवरची ती बंदूक आमच्या आबाकाकांची. एकनळी, काडतुसी, रीतसर परवान्याची. आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे असूं. 1972 चा कायदा अजून व्हावयाचा होता. मार्गशीर्षांत भात झोडून झाल्यावर एका सायंकाळीं आबाकाकांनीं आम्हांस प्रथमच बरोबर नेलें. वारली जमातीचा एक वृद्ध वाटाड्या पुढें, मध्यें आबाकाका, मागें आम्ही. एका ओहोळाच्या कांठीं कारवीच्या आडोशाला आम्ही दबून बसलों. दिवस मावळत होता. समोरच्या कारवींत कांहींतरी काळें, वांकलेलें, हळूहळू सरकूं लागलें. सुकलेलीं पानें कुरकुरलीं. आमचें काळीज असें उडूं लागलें कीं आपणच पहिल्यानें पाहिलें हें सांगितल्यावांचून राहवेना. आम्हीं आबाकाकांच्या कानाशीं लागून म्हटलें, "डुक्कर!"

त्यांनीं बंदूक खांद्यास लावली. तेवढ्यांत त्या कारवींतून कांकणें वाजलीं, आणि मागोमाग लहान मुलाचा खोकला ऐकूं आला. वाटाड्यानें हात पुढें करून नळी जमिनीकडे दाबली. पाठीशीं मूल बांधलेली एक बाई कंद खणीत होती. ती उभी राहिली, आम्हांस पाहून किंचित् दचकली, आणि टोपली उचलून आपल्या वाटेनें चालूं लागली. काय टळलें हें तिला कधीं कळलें नाहीं.

आबाकाकांनीं बंदूक उघडून काडतूस काढून घेतलें. त्यांचे हात इतके कांपत होते कीं तें दोनदां खालीं पडलें. घरीं येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहींत. आजीनें विचारलें, "काय मिळालें रे?" तेव्हां एवढेंच म्हणाले, "सगळीं माणसें परत आलीं. तेवढें पुरे." आठ दिवसांच्या आंत बंदूक व परवाना दोन्ही त्यांनीं पोलीस ठाण्यावर नेऊन दिलीं. घरांतील लोकांनीं तर्क केले. कोणी म्हणालें आजीनें शपथ घातली, कोणी म्हणालें परवान्याची फी वाढली. "डुक्कर" हा शब्द कोणाच्या तोंडून गेला होता, हें आबाकाकांनीं मरेपर्यंत कोणास सांगितलें नाहीं. आम्हांसहि त्यावरून कधीं बोलले नाहींत. मात्र त्या दिवसापासून रानांत, वाडींत, परसांत, कोठेंहि पान वाजलें कीं ते थांबून मोठ्यानें विचारीत, "कोण आहे हो?" मांजर निघे, कोंबडी निघे, मुलें हंसत. आम्ही कधीं हंसलों नाहीं.

हें ऐकतांना बाळानें वही केव्हां मिटली तें कळलें नाहीं. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "काका, आमच्या अभ्यासक्रमांतहि हाच मुख्य नियम आहे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागें काय आहे, याची खात्री झाल्याविना बोट चापाकडे नेऊं नये. मीं तो पाठ केला होता. पण मनांतला उताविळेपणा त्या नियमाच्याहि आधीं धांवतो, हें आज कळलें." मग जरासा थांबून त्यानें विचारलें, "म्हणजे डोंगरांत जायचेंच नाहीं?"

न जावयास काय झालें! जाण्याचा मंत्र तर आपल्याच जिल्ह्यांत दगडावर कोरलेला सांपडला आहे. नालासोपाऱ्याच्या जुन्या शूर्पारक नगरीच्या जागीं 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषयच सहलीचा बेत हा आहे! पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, तींत मृगया व तसलीच इतर करमणूक असे; अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनीं संबोधीस गेला आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली, असें त्यांत म्हटलें आहे. या धर्मयात्रेंत काय करावयाचें? ब्राह्मण व श्रमण यांच्या भेटी घ्यावयाच्या, दान द्यावयाचें, वृद्धांचें दर्शन करावयाचें, आणि जनपदांतील लोकांस भेटून त्यांची विचारपूस करावयाची. राजानें घराबाहेर पडणें सोडलें नाहीं. यात्रा तीच राहिली. रानाकडे जाऊन माणूस विसरण्याऐवजीं रानाच्या वाटेवरील माणूस ओळखणें, एवढाच पालट झाला. सरकारी रान म्हणजे कोणाचेंच नाहीं, अशी शहरांतल्या माणसाची भावना असते. वस्तुतः त्या रानांत कोणी लांकूडफाटा वेंचीत असतो, कोणी कंद खणतो, कोणी गुरें वळतो. वाघबारशीस वाघदेवाला नैवेद्य दाखविणारे आमचे आदिवासी बंधु तेथें पिढ्यानुपिढ्या वावरत आले आहेत. आपण त्यांच्या अंगणांतून जात असतों.

मग त्याच वहींत नवा बेत मांडला गेला. तो येथें देतों. वाचकांपैकीं ज्यांस मुलाबाळांसह डोंगर पाहावयाचा असेल त्यांस उपयोगी पडेल. स्थळ ठरलें कोहोज किल्ला. मनोरहून वाड्याच्या रस्त्यावर वाघोटे गांव लागतें. तेथून पाझर तलावाच्या कडेनें पायवाट वर चढते. सामान्य माणसास दोन-अडीच तास लागतात. वाटेवरच्या माचीवर महादेवाचें देऊळ व पाण्याचीं खोदींव टांकीं आहेत, आणि माथ्यावर वाऱ्यापावसानें झिजून मनुष्याकृति दिसणारा खडक आहे. अशेरीगडहि मनात होता. तेथें पोर्तुगीजांचें राजचिन्ह कोरलेला दगड अजून पडलेला आहे. परंतु तेथें अवघड जागीं लोखंडी शिडी चढावी लागते, आणि घरांतील दोघी सुनांनीं आपल्यासहि यावयाचें आहे व बरोबर धाकटीं मुलें आहेत असें जाहीर केल्यामुळें कोहोजच बरा ठरला.

वनखात्याच्या कार्यालयांत आधीं विचारपूस करावी, कारण वाटा केव्हां बंद असतात तें त्यांस ठाऊक. गांवांतीलच वाटाड्या घ्यावा व त्याची मजुरी आधीं ठरवून पुरी द्यावी. माणशीं तीन लिटर पाणी घरून न्यावें. टांक्यांच्या भरंवशावर राहूं नये. पहांटे निघावें, ऊन तापण्यापूर्वीं चढून व्हावें, सूर्यास्तापूर्वीं दोन घटका गांवांत परत असावें. वाळलेल्या गवताच्या दिवसांत काडी पेटवूं नये. कड्यावर आग्या मोहोळें असतात, म्हणून अत्तर लावूं नये, धूर करूं नये, आरोळ्या मारूं नयेत. कपडे मातकट नकोत, लांबून दिसतील असे असावेत; ही सूचना बाळाची, व ती आम्हांस फार आवडली. शिकाऱ्याची नजर मात्र सोडूं नये. ओल्या मातींत खूर पाहावा. डुकरानें उकरलेली माती, लोळणीचा चिखल, साळिंदराचा गळालेला कांटा, बिबट्याच्या पंजाचा ठसा, हें सर्व वहींत टिपावें. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्माचा व्यासंग लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोण, हें विचारण्यास तो मुलगा मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेंत गेला. पक्षी पाडणारीं मुलें तेव्हां पुष्कळ असतील, हा "कोण?" म्हणून विचारावयास गेला.

भाऊबीजेनंतरच्या रविवारीं आम्ही सारीं निघालों. डुक्कर दिसलें नाहीं. उकरलेली माती दिसली, एक साळिंदराचा कांटा सांपडला व तो कोणाचा यावरून मुलांत भांडण झालें. उतरतांना तलावाच्या अलीकडे कारवी दाट आहे. तेथें उजव्या हाताला पानें वाजलीं. मुलें "डुक्कर! डुक्कर!" म्हणून ओरडलीं. आम्ही जागच्या जागीं थबकलों. पाय पुढें उचलेनात. तोंच पुढें चालणारा बाळ थांबला आणि खणखणीत आवाजांत त्यानें विचारलें, "कोण आहे हो?"

"माणूसच हाय!" आंतून उत्तर आलें, आणि डोकीवर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा हंसत बाहेर आला. बाळानें त्याच्या डोकीवरचा भारा तलावापर्यंत आपल्या डोकीवर घेतला. आम्ही मागून सावकाश चालत होतों. आबाकाकांस आज हें दिसावयास हवें होतें, एवढेंच वारंवार मनांत येत होतें.

छत्री त्याच खुंटीवर आहे. मात्र यापुढें मुलांनीं विचारलें तर उत्तर तेवढ्यावर थांबणार नाहीं.